मोजणीत नसलेला आरसा

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी एक आरसा बोलतोय, पण भिंतीवर टांगून मिरवणारा नव्हे. माझ्यासमोर उभं राहून कोणी भांग पाडत नाही. मी तळहातावर मावेन एवढा, गोल, एका बारीक दांड्यावर बसवलेला. दांडा ओढला की लांब होतो, दाबला की आत जातो आणि माझी मान हवी तिकडे वळते. विमानं दुरुस्त करणारी माणसं मला यंत्राच्या मागच्या फटीत, जिथे डोकं शिरत नाही तिथे घालतात आणि पलीकडचं बघतात.

थोडक्यात, माझा जन्म गेला तो वस्तूंची पाठ बघण्यात. पुढून चकचकीत दिसणाऱ्या किती गोष्टी मागून गंजलेल्या असतात! एकदा ते बघितलं की कशावर पटकन विश्वास बसत नाही. माझ्या भित्रेपणाचं मूळ तिथेच असावं.

एका लहानशा कारखान्यात मला कापलं, घासलं, दांड्यावर चढवलं. तिथल्या कारागिराने माझ्यावर तोंडाची वाफ सोडली, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि स्वतःचे दात बघून घेतले. माझ्यात उमटलेला तो पहिला माणूस. त्यानंतर बराच काळ मी दुकानातल्या खोक्यात पडून होतो. तिथून मला विमानं दुरुस्त होतात अशा एका हँगरच्या म्हाताऱ्या फोरमनने उचललं आणि एका मुलीच्या हातात ठेवलं. ती तेव्हा नुकतीच विमान दुरुस्तीची परीक्षा पास झाली होती.

“हा खिशात ठेव,” तो म्हणाला. “जे दिसत नाही ते ठीकच असणार, असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी नोकरी सोड.”

ती माझी मालकीण. त्या काळी हँगरमधली सगळीच माणसं आपापली चार हत्यारं खिशात बाळगायची. कोणाचा आवडता पाना, कोणाची पक्कड, कोणाचा टॉर्च. तिचा मी. ती शिडी चढायची, अर्धी विमानाच्या पोटात शिरायची, आणि मी तिच्या बोटांच्या पुढे एक वीत असायचो. नटातून आरपार घातलेली बारीक पिन मागून नीट वळवली आहे का, तार तुटली आहे का, हे मी बघायचो आणि ती माझ्यात बघायची. मग ती सही करायची आणि विमान उडायचं. त्या सहीचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! सही तिची, पण नजर माझी.

तिच्या हाताखाली एक पोरगेलासा मेकॅनिक शिकत होता. काम करताना तो सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं. “अरे शिट्ट्या, हात चालव, तोंड नको,” असं ती ओरडायची आणि तो “हो ताई” म्हणून पुन्हा शिट्टी वाजवायचा. काम अवघड असलं की मात्र त्याची शिट्टी आपोआप बंद व्हायची.

मग तिला मुलगी झाली. मुलगी अशक्त होती, तिला सारखा दवाखाना लागायचा. ती जरा धडधाकट होते न होते तोच सासूबाई पडल्या आणि त्यांची एक बाजू लुळी झाली. नवरा फिरतीच्या नोकरीवर. “थोडे दिवस सुट्टी घेते,” असं म्हणून ती घरी आली, आणि ते थोडे दिवस काही संपेनात.

मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये गेलो. चमचे, कात्री, दोऱ्याचं रीळ आणि मी. कधी शेगडीमागे पडलेलं झाकण शोधायला मला बाहेर काढायचे. मुलीने माझ्यात आपला हलणारा दात बघितला. सासूबाई मानेमागचा अंबाडा बघायला मला मागून घ्यायच्या आणि कुरकुर करायच्या, “एवढासा मेला आरसा! माझं अर्धं नाकसुद्धा मावत नाही यात.” खरं सांगतो, मला वाईट वाटायचं नाही. अंबाडा सुटला तर कोणी मरत नाही. त्या वर्षांत मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

मालकिणीला मात्र लागत नव्हती. आकाशातून आवाज गेला की भांडी घासता घासता तिचा हात थांबायचा.

मुलगी शाळेत रुळली, सासूबाई चार पायांची काठी धरून घरात फिरू लागल्या, तेव्हा तिने परत कामावर जायचं ठरवलं. ठरवलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. मध्ये फार काळ गेल्यामुळे तिची सही आता चालणार नव्हती. आधी कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचं, हात पुन्हा बसला असं त्यांना वाटलं की मग सही. ती टेबलाशी बसून म्हणाली, “आई, मला भीती वाटते. सगळं बदललं असेल. मी विसरले असेन.”

“मला रोज सकाळी पलंगावरून उठायची भीती वाटते,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून काय मी निजूनच राहते का? जा तू. पोरीला मी बघते. ती मला बघेल.”

निघताना तिने ड्रॉवर उघडला आणि मला खिशात टाकलं. ड्रॉवरच बरा होता, असं मला तेव्हाच वाटलं.

हँगर तोच होता, पण रीत बदलली होती. आता खिशातली हत्यारं बंद. सगळी हत्यारं कंपनीची, मोठ्या लाल पेटीतली. पेटीच्या प्रत्येक कप्प्यात जाड काळा फोम आणि त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खाचा कोरलेला. काम झालं की सगळी परत आपापल्या जागी. एक जरी खाचा रिकामा दिसला तरी विमान जागचं हलायचं नाही. कारण उघड होतं. विमानाच्या पोटात विसरलेला साधा पानासुद्धा हवेत गेल्यावर कुठे जाऊन अडकेल, सांगता येत नाही.

आणि सही आता शिट्टीची होती. त्याचे केस कपाळावरून मागे हटले होते, अंगात तपासनिसाचं जाकीट होतं. ती पहिल्या दिवशी त्याला “सर” म्हणाली.

“ताई, सर नको गं,” तो संकोचून म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण घरून काही आणलं असशील तर आत न्यायचं नाही हं. खिसे रिकामे. नियम सगळ्यांना सारखा.”

“नाही आणलं काही,” ती म्हणाली. मी तिच्या मांडीवरच्या खिशात होतो.

तिने खोटं का सांगितलं, हे मला ठाऊक आहे. पेटीत कंपनीचा नवा आरसा होता. तोंड मोठं, मान ताठ, वळवला की करकरायचा. (जळून बोलत नाही, खरंच करकरायचा.) पण खरं कारण ते नव्हे. बाकी सगळं परकं झालं होतं आणि तिच्या जुन्या दिवसांतलं मी एकटाच उरलो होतो. बुडणाऱ्याने काडी धरावी तसं तिने मला धरलं होतं. मला हे कळत होतं, आणि काडीला जी भीती वाटत असेल तीच मला वाटत होती.

काम तिला आठवत होतं. हात विसरले नव्हते, पण धीर विसरला होता. एकेक पिन ती पुन्हा पुन्हा बघायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण ही तर पाणीसुद्धा फुंकून पीत होती. बाकीचे मेकॅनिक मागून हसायचे. “बाई विमान तपासतायत का विमानाची दृष्ट काढतायत?” ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. कंपनीचा आरसा ती सगळ्यांसमोर वापरायची आणि कोणी बघत नसलं की हळूच मला काढून तेच पुन्हा बघायची.

एक दिवस तिला एका प्रवासी विमानाच्या शेपटीतलं काम दिलं. शेपटीखालचं झाकण काढलं की आत अंधारी पोकळी असते. तिथून पोलादी दोर कप्पीच्या चाकांवरून मागे जातात. पायलटने पुढे दांडा ओढला की हे दोर शेपटीचा पंख हलवतात आणि विमान नाक वर किंवा खाली करतं. तिथे काही अडकलं तर पायलटच्या हातात नुसता दांडा उरतो.

ती मचाणावर उभी राहून कंबरेपर्यंत आत शिरली होती. कंपनीच्या आरशाने बघून झालं, मग मला काढलं. कप्पीमागची पिन बघितली. व्यवस्थित होती. तेवढ्यात खालून शिट्टीचा आवाज आला, “ताई, झालं का? विमान मागतायत.”

ती एवढी दचकली, की तिचं डोकं वरच्या पत्र्यावर आपटलं. कोणी मला बघू नये म्हणून तिने मला घाईघाईने बाजूच्या अरुंद पट्टीवर ठेवलं आणि डोकं चोळत, कंपनीचा आरसा नि टॉर्च घेऊन खाली उतरली. मी तिची वाट बघत राहिलो.

खाली पेटीचे कप्पे उघडल्याचे आवाज आले. शिट्टी एकेका खाच्यावर बोट ठेवून बघत होता, हे मला त्याच्या शिट्टीवरून कळत होतं. पाने. पकडी. टॉर्च. आरसा. “सगळे खाचे भरले. मस्त काम, ताई,” तो म्हणाला.

मला ओरडावंसं वाटलं. सगळे भरले, कारण माझा खाचाच नाही! ज्याला जागाच दिली नाही, त्याची जागा रिकामी कशी दिसणार? पण आरशाला तोंड असतं ते फक्त दुसऱ्याचं.

झाकण आलं. उजेडाची फट बारीक होत गेली आणि मिटली. स्क्रू एकामागून एक आवळले गेले. शिट्टीचा आवाज लांब गेला.

अंधारात आरसा कोणीच नसतो, हे मला तेव्हा कळलं. मी काही दाखवू शकत नव्हतो, काही बघू शकत नव्हतो. फक्त माझ्या शेजारी ती कप्पी आहे आणि तिच्यावर तो दोर ताणलेला आहे, एवढं मला माहीत होतं. विमान ओढून बाहेर नेलं तेव्हा मी पट्टीच्या कडेला सरकलो. सामान चढवताना धपधप आवाज आले आणि मी आणखी सरकलो. मग पावलं ऐकू येऊ लागली. जड पावलं, सँडलची टकटक, एक धावणारं लहान मूल आणि त्याच्यामागे “अरे हळू, पडशील!” असं म्हणणारी कोणीतरी बाई. माझ्या डोक्यावरून ती सगळी माणसं आपापल्या जागेवर जाऊन बसली. त्यांना काय ठाऊक, शेपटीत काय पडलंय ते.

इंजिन सुरू झालं. सगळं विमान थरथरायला लागलं आणि मी पट्टीवरून घसरलो. माझा दांडा खालच्या चौकटीत अडकला नि मी कप्पीच्या तोंडाशी लोंबकळत राहिलो. तेवढ्यात पायलटने पुढे आपला दांडा हलवून बघितला असावा. दोर सर्रकन धावला, कप्पी फिरली आणि मला घासून गेली. माझ्या काचेला मधोमध एक ओरखडा पडला. अडकलो नाही. केसाएवढ्या फरकाने अडकलो नाही, म्हणून पायलटलाही काही जाणवलं नाही. पुढच्या हिसक्याला मी थेट दोर आणि कप्पीच्या मध्ये जाणार, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि तो हिसका विमान जमीन सोडताना बसणार होता.

विमान चालू लागलं. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. मला स्वयंपाकघरातला ड्रॉवर आठवला. चमचे आठवले. सासूबाईंचा अंबाडा आठवला.

इकडे हँगरमध्ये काय झालं, ते मला नंतर कळलं. मोठ्या साहेबांच्या टेबलावर मी पुरावा म्हणून पडलो होतो आणि मालकिणीने सगळ्यांसमोर ते सांगितलं.

पाळी संपवून ती कपडे बदलायच्या खोलीत गेली होती. डबा उघडला, दोन घास खाल्ले, शिट्टीने केलेल्या कौतुकावर मनातल्या मनात खूश झाली. मग कामाचे कपडे उतरवताना हात खिशावर गेला. खिसा सपाट लागला. तिने सगळे खिसे उलटे केले. कपाट झटकलं. मग मनाची समजूत घालू लागली, की त्याला काढल्याचं आठवतंय ते कालचं असेल, आज आणलाच नसेल, ड्रॉवरमध्येच राहिला असेल. तिने घरी फोन लावला.

“आई, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये माझा आरसा आहे का बघता?”

“आत्ता? माझा अंबाडा बरा आहे गं.”

“आई, बघा ना. लवकर.”

लवकर हा शब्द सासूबाईंना कुठला झेपतो! फोनमधून चार पायांच्या काठीचा आवाज येत राहिला. ठक. मग पाय ओढल्याचा आवाज. मग पुन्हा ठक. बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, तरी काठी अजून स्वयंपाकघराच्या दारातच होती. अखेर ड्रॉवर उघडला.

“चमचे आहेत. कात्री आहे. दोरा आहे. आरसा नाही गं.”

“नीट बघितलंत?”

“दोनदा बघितलं. तू सकाळी खिशात टाकलास की. मी बघितलं होतं.”

ती साहेबांना म्हणाली, “खोटं बोलत नाही. तेव्हा क्षणभर वाटलं, गप्प बसावं. खाचे भरलेत. आरशावर माझं नाव नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. काही होणार नाही, आणि सांगितलं तर मला पुन्हा कोणी या दारात उभं करणार नाही. फोन हातात तसाच होता. तेवढ्यात आई तिकडून म्हणाल्या, ‘काय गं, कुठे पडला का? पडला असेल तर जा आणि उचल.’ त्यांना काही माहीत नव्हतं. पण मी धावले.”

ती एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून धावत आली. शिट्टी दारातच उभा होता, शिट्टी वाजवत.

“विमान थांबव,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“माझा आरसा शेपटीत राहिलाय.”

“अगं ताई, सगळे खाचे भरलेत. मी स्वतः बोट लावून बघितलं.”

“पेटीतला नाही. माझा. मी घरून आणला होता. तुला खोटं सांगितलं होतं.”

त्याची शिट्टी बंद झाली. त्या विमानावर सही त्याची होती. त्यालाही घर होतं, दोन पोरं होती. त्याने खांद्यावरचा वायरलेस ओढला आणि त्यात ओरडला.

मला एवढंच कळलं, की विमान थांबलं. मग वळलं. मग इंजिन बंद झालं आणि डोक्यावरची माणसं कुरकुरू लागली. “आता काय झालं यांना? रोजचंच आहे. माणसाच्या वेळेला काही किंमतच नाही.” ते लहान मूल रडायला लागलं. मला त्या कुरकुरीइतकं गोड काही कधी ऐकू आलं नव्हतं. कुरकुरा, बाबांनो, खुशाल कुरकुरा.

स्क्रू सैल झाले. उजेड आत आला आणि माझ्यात पहिल्यांदा तिचाच चेहरा उमटला, मधोमध ओरखडा पडलेला. तिच्या शेजारी शिट्टीचा चेहरा होता. मी कुठे लोंबतोय ते दोघांनी बघितलं. शिट्टीने कपाळाचा घाम पुसला आणि खाली बसला. मचाणावरच, जागा नसताना.

मोठ्या साहेबांनी तिला फार काही विचारलं नाही.

“तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?”

“कोणालाच नाही.”

“मग?”

“मला कळलं होतं ना, साहेब.”

साहेबांनी माझ्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. बरेच दिवस तिला हत्याराला हात लावू दिला नाही. सही आणखी लांबली. शिट्टीलाही बोलणी खावी लागली. दर पाळीला लाल पेटी दोघांनी मिळून मोजायची, असा नवा नियम झाला आणि सगळ्या हँगरने त्याबद्दल तिच्या नावाने बोटं मोडली. पण तिला घालवलं नाही. पुढे सही तिला परत मिळाली. पहिली सही तिने इतकी जपून गिरवली म्हणे, की बँकेने ती नाकारली असती.

आणि मी? मी हँगरच्या दाराशी, काचेच्या लहानशा कपाटात आहे. काळ्या फोममध्ये माझ्या आकाराचा खाचा कोरून मला त्यात बसवलंय. आयुष्यात पहिल्यांदा मला जागा मिळाली, आणि तिथून मला कोणी उचलत नाही. मान वळत नाही, दांडा ओढला जात नाही. वस्तूंची पाठ आता दिसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं तेवढी दिसतात, मधोमध ओरखडा असलेली.

मालकीण रोज सकाळी कामावर जाण्याआधी माझ्यासमोर उभी राहते. छातीवरचा खिसा उलटा करून दाखवते, मग कंबरेचे, मग मांडीवरचा, जिथे मी असायचो. पांढरं अस्तर बाहेर लोंबतं. तिच्या मागे उभी असलेली नवी पोरंही हसत हसत तसंच करतात. ती हसत नाही. तिला अजून भीती वाटते, आणि मलाही. त्या मांडीवरच्या खिशात परत जावं, असं मला रोज वाटतं. तो रिकामा दिसला की जीव भांड्यात पडतो.

तुम्हीही कधीतरी विमानात बसाल. सुटायला उशीर झाला तर कुरकुर जरूर करा. पण माझं एवढं मागणं आहे, की तुमच्या विमानाच्या शेपटीत जो कोणी शेवटचा शिरला असेल, तो माझ्या मालकिणीसारखा भित्रा असो. ती बघा आली. छाती, कंबर, मांडी.

रिकामे. सगळे रिकामे आहेत. आज आत जा.